हिरव्या कापडाआडची कबड्डी

आमचं गाव रेवसच्या बाजूला. तिथं कबड्डीला तिकीट लागेल, असं पूर्वी कुणी म्हणालं असतं तर मी त्याला शिवीच दिली असती. भात कापलेल्या शेतात मैदान आखायचं, कडेनं पेंढा टाकायचा, आणि ज्याला यायचं त्यानं येऊन बसायचं. खर्च कंपन्या आणि पुढारी द्यायचे, मंडळ त्यांचे फोटो लावायचं. यंदा कंपन्यांनी माणसंच कमी केली, त्या कबड्डीला कुठून देणार? पुढाऱ्यांनीही हात आखडले. मंडळानं मैदानाभोवती हिरवं कापड बांधलं, आत खुर्च्या मांडल्या आणि दारावर तिकीट ठेवलं.

माझ्या मुलाचंही कंपनीतलं काम निम्म्यावर आलेलं. आणि नेमकी याच वर्षी नात पहिल्यांदा गावच्या मुलींच्या संघात. तिला खेळताना बघायचं होतं मला, दुसरं काही नको होतं. तिला या खेळाला लावलं माझ्या बायकोनं, आणि ती गेल्या दिवाळीत गेली. तिच्या वाटचंही मलाच बघायचं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं एकट्याचं तिकीट काढतो. आम्ही मोबाइलवर बघू."

"नको. तेवढ्या पैशात घरात मासळी येईल."

सून म्हणाली, "नातीपेक्षा मासळी मोठी झाली काय?"

"मासळी रोज लागते, बाय. मी फुकटात बघून येतो, बघ तू."

दुपारीच मैदानामागच्या मिठागराच्या बांधावर गेलो. अर्धं गाव तिथंच. एकानं आपला ट्रक कापडाला लागून उभा केलेला, टपावर माणसंच माणसं.

"ये काका, चढ वर!"

"चढतो. उतरवायला खांदेकरी बोलावून ठेवा."

हसले सगळे, पण मी खालीच राहिलो. खालून कापडाच्या वर मुलींच्या उडणाऱ्या वेण्या तेवढ्या दिसायच्या. नातीचा सामना सुरू झाला. भोंग्यावरून कळलं, सात नंबर चढाईला गेली. मग कळलं, सात नंबर बाद. सात नंबर म्हणजे आमचीच. कशी बाद झाली, कुणी धरली, काही दिसलं न्हाय. फुकटचा हट्ट केला, असं वाटायला लागलं. तिकीट काढून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

मध्यंतराला मंडळाचा एक पोरगेला कार्यकर्ता धावत बाहेर आला. "चला, सगळे आत चला! तिकीट न्हाय!"

"का रे? एकदम कसली दया आली?"

"काका, खेळ मोबाइलवर दिसतोय आणि मागं नुसत्या रिकाम्या खुर्च्या. लोक लिहितात, या गावात माणसं राहतात का न्हाय? पुढच्या वर्षी आमाला जाहिरात कोण देईल?"

"मग आता तूच पैसे दे. आमी फोटोला बसतो."

"काका, मस्करी नको, शिट्टी होतेय."

सगळे आत घुसले. तिकीटवाले ओरडले, "आमी काय येडे म्हणून पैसे भरले?" मंडळानं त्यांना एकेक वडापाव दिला, तेव्हा गप्प झाले.

मला पुढची खुर्ची मिळाली. बाजूच्या खुर्चीवर हात ठेवून मी जागा धरून बसलो. सवय. एका बाईनं विचारलं, "कोण यायचं हाय काय?" तेव्हा हात काढला. म्हटलं, "बसा."

मग नात चढाईला आली. एकीला हात लावला, दुसरीनं तिचा पाय धरला, तशीच फरफटत रेषेला टेकली. दोन गुण. मी काय ओरडलो ते लिहिण्यासारखं न्हाय. गाव शेवटी हरलं, अगदी थोडक्यात. मला त्याचं काही वाटलं न्हाय.

धापा टाकत ती आली. "आजोबा, बघितलं काय?"

"बघितलं. उजवा पाय उशिरा मागं घेतेस, म्हणून धरतात."

"दोन गुण आणलेले दिसले न्हाय, पायच दिसला!" म्हणाली आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली.

जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसत होता."

"आणि तोंड सगळा वेळ उघडं," सून म्हणाली.

असेना. डोळेपण उघडेच होते.