काल मी नापास झाले

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी तीस वर्षांत कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. उत्तर बरोबर, रीत बरोबर, पण शेवटी 'सेमी' लिहायचं राहिलं की अर्धा गेला. पोरांनी त्यांचं नावच 'अर्ध्या मार्काच्या बाई' पाडलं होतं आणि ते त्यांना माहीतही होतं. मी त्या शाळेत लिपिक. नवा नवा होतो तेव्हा स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला, तर तासाभरानं तो लाल शाईत न्हाऊन परत आला. खाली गोल करून लिहिलेलं : दहापैकी साडेसात. माझं डोकंच फिरलं. ही बाई मला काय आठवीतलं पोरगं समजते की काय! मग समजलं की मुख्याध्यापकांच्या सूचनेलाही त्यांनी सहाच दिले होते. तेव्हा जरा बरं वाटलं.

बाई राहायला मेहकरला आणि शाळा तिथून अठरा किलोमीटर आत. पूर्वी सकाळची बस त्यांना शाळेच्या फाटकासमोर उतरवायची. कोरोनात ती बंद पडली ती पडलीच. शाळा पुन्हा भरली, बस काही आली नाही. मग बाई काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत येऊ लागल्या आणि तिथून चार किलोमीटर पायी. जीप भरल्याशिवाय निघत नाही हे काय सांगायचं. त्या पोचेपर्यंत दहावीचा गणिताचा तास होऊन गेलेला असायचा. वेळापत्रक बदलून पाहिलं, तर आठवी-नववीचं गणितही त्यांच्याचकडे, एक तास झाकला की दुसरा उघडा पडायचा. बाकीचे शिक्षक गावातलेच, त्यामुळे कुणाच्या गाडीवर मागे बसून यायचीही सोय नव्हती.

जूनमध्ये संस्थेचे सचिव आले. माणूस चांगला. म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत पाहू. नाहीच जमलं तर तुमाले मेहकरच्या शाळेत घेऊन टाकू. चालत दहा मिनिटं, घरी जेवाले जासान दुपारी." दुसऱ्या कुणी असतं तर त्याच दिवशी पेढे वाटले असते. बाईंनी विचारलं, "आणि इथं गणित कोण शिकवणार?" सचिव म्हणाले, "पाहू." भरती बंद होती, हे मला माहीत, त्यांना माहीत, सगळ्यांना माहीत. ते गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. "पाहू म्हणजे कोणी नाही. वानखडे, दिवाळीच्या आत मला मोटारसायकल शिकवा."

मी हसलो. बाईंचं वय चोपन्न, आणि उभ्या जन्मात त्यांनी सायकलही चालवलेली नव्हती. "स्कूटी घ्या ना बाई," म्हटलं. "फाट्यापासूनचे दगड पाहिलेत ना? त्या चाकांचं काम नाही ते," असं म्हणून त्यांनी निवृत्त झालेल्या पीटीच्या सरांची जुनी मोटारसायकल विकत घेतली आणि शाळेच्या पडवीत लावली. तीस वर्षं नऊवारीच्या खालोखाल जाड अशा सुती साड्या नेसणारी ही बाई सोमवारी पंजाबी ड्रेस घालून आली. गाडीपेक्षा त्या ड्रेसचीच चर्चा स्टाफरूममध्ये जास्त झाली. त्यांच्या यजमानांना मी एकदा भीत भीत विचारलं, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ती ऐकत नाही, म्हणून मी सांगत नाही. संसार त्याच्यावरच चालला आहे."

परवान्याच्या परीक्षेत मैदानावर पांढऱ्या फक्कीनं आठचा आकडा काढलेला असतो. त्याच्यावरून गाडी हळू न्यायची. पाय टेकला की नापास, रेघेबाहेर गेली की नापास. सरावासाठी बाईंनी शाळेच्या मैदानावर आठ स्वतः काढला, खुंटी ठोकून, दोरी लावून, दोन वर्तुळं एका बिंदूत एकमेकांना टेकवून. इतका देखणा आठ की त्याच्यावर चाक घालायला माझ्याच जिवावर यायचं. रोज शाळा सुटली की अर्धा तास. बाई पहिल्या वळणावर पडत, उठत, कपडे झटकत आणि म्हणत, "पुन्हा." मी थकायचो, त्या थकत नसत. आमचा शिपाई शालिकराम झाडाखाली बसून सगळं पाहायचा. "बाबू," एक दिवस तो मला म्हणाला, "बाई पडून नाई राह्यल्या. गाडी पडून राह्यली."

परिवहनचे साहेब महिन्यातून एकदा मेहकरला शिबिराला येत. जुलैच्या शिबिराला मी गाडी घेऊन गेलो, बाई घरून चालत आल्या. रांगेत उभी असलेली अर्धीअधिक पोरं त्यांचीच. "नमस्कार बाई, इकडे कुठं?" "परीक्षेला," बाई म्हणाल्या आणि रांगेत मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला. पहिल्याच वळणावर पाय टेकला, मग दुसरा, मग गाडीच बंद. मागे कोणीतरी खिदळलं. बाईंनी गाडी ढकलत बाहेर आणली, साहेबांचे आभार मानले आणि मला म्हणाल्या, "चला, आलूबोंडा खाऊ." मी माझा तसाच हातात धरून बसलो. त्यांनी दोन संपवले आणि तिसरा मागवला. "नापास झालं म्हणून जेवण सोडलं, तर पुढच्या वेळेला अंगात काय राहील?"

दुसऱ्या दिवशी मी सूचनेची वही घेऊन दहावीच्या दारात गेलो, तर बाई नुकत्या पोचून वर्गासमोर उभ्या होत्या. हजेरी नाही, काही नाही. म्हणाल्या, "काल मी नापास झाले." पोरांनी उघडलेल्या वह्या मिटल्या. "मोटारसायकलच्या परीक्षेत. पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. कुठं चुकलं ते दाखवते." त्यांनी फळ्यावर आठ काढला आणि पहिल्या वळणावर लाल खडूनं फुली मारली. "इथं मी चाकाकडे पाहिलं." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, चाकाकडे नका पाहू. जिकडे जायाचं हाये तिकडे पाहा." ते पोरगं गणिताच्या तासाला कधीच तोंड उघडत नसे. बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग." त्यानं पुन्हा सांगितलं आणि बाईंनी ते फुलीशेजारी लिहून घेतलं.

मी वही हातात धरून दारातच उभा राहिलो. खरं सांगतो, मी बी.कॉम.ला एकदा गचकलो होतो, ते माझ्या बायकोला अजून ठाऊक नाही. सासरच्यांना तर मेलो तरी कळू देणार नाही. आणि ही बाई, जिच्या लाल पेनानं अख्ख्या पंचक्रोशीतली पोरं नापास झालेली, ती त्याच पोरांच्या पुढ्यात उभी राहून आपली चूक फळ्यावर काढत होती. तिथंच हात जोडावेत असं वाटलं. पण बाईंनी विचारलं, "काय काम होतं, वानखडे?" तेव्हा वही पुढे केली.

ऑगस्टमध्ये गाडी रेघेबाहेर गेली. सप्टेंबरमध्ये दुसरं वळण जवळजवळ पार झालं होतं, तेवढ्यात क्लच झटकन सुटला आणि गाडी बंद. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वर्गात तेच वाक्य, फळ्यावर तोच आठ, लाल फुली नव्या जागी. आता गावातही ह्या गोष्टीला पाय फुटले होते. पानठेल्यावर लोक मला अडवून विचारत, "बाईचं काय झालं बे या खेपेला?" स्टाफरूममध्ये कुजबुज वेगळीच. "घराजवळची शाळा भेटून राह्यली, अन् बाई काऊन हाडं मोडून घेऊन राह्यल्या?" बाईंनी हे ऐकलं होतं. त्यांनी सराव अर्ध्या तासाचा पाऊण तास केला.

ऑक्टोबरच्या शिबिराच्या दिवशी मी सकाळपासून गाडीची हवा तीनदा तपासली. दिवाळीची सुट्टी नऊ दिवसांवर आली होती आणि सचिवांनी बदलीचा कागद तयार ठेवल्याचं मला माहीत होतं, कारण तो मीच टाइप केला होता. बाई निघाल्या. पहिलं वळण सुरेख. मधला बिंदू ओलांडला, दुसरं वळण घेतलं, आल्या की बाहेर! साहेबांनी कागदावर टिक केली. "पास. पुढचा नंबर." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईंनी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, दुसऱ्या वळणावर डावा पाय टेकला."

साहेबांनी वर पाहिलं. "मला नाही दिसला, मॅडम. मी तेव्हा मागच्या माणसाला कागद देत होतो."

"हो. पण टेकला."

साहेबांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी टिक खोडली. "आठ दिवसांनी बुलढाण्याला या," एवढंच म्हणाले. आवाज अगदी हळू होता त्यांचा.

त्या दिवशी मी बाईंवर पहिल्यांदा तडकलो. "काऊन बोलल्या तुमी? कोणी पाह्यलं नव्हतं! आता दहावीचं काय? नीती सांभाळली तुमी, अन् पोरं गेली वाऱ्यावर." बाई आलूबोंडा खात होत्या, पण हात थांबला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला मी. त्यांनी प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "वानखडे, उद्या सकाळी मी वर्गात जाऊन काय सांगू? पास झाले म्हणू? आणि मग त्या पोरांचा अर्धा मार्क कोणत्या तोंडानं कापू?" पुढे म्हणाल्या, "मला पण भीती वाटते आहे. तुम्ही ओरडू नका." मी ओरडलो नाही. त्यांची प्लेट तशीच अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सगळं सांगितलं, पास म्हटल्याचंही आणि टिक खोडल्याचंही. ह्या वेळी फळ्यावरच्या फुलीकडे पोरं नुसती बघत बसली. मी दाराबाहेर होतो, आत जायची हिंमत झाली नाही.

आठ दिवसांनी, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, आम्ही बुलढाण्याला निघालो. शिकाऊ परवाना होता, म्हणून मी मागे बसलो आणि बाईंनी गाडी चालवली. फाट्यापासून बुलढाण्यापर्यंत. चिखलीच्या गर्दीत मी डोळे मिटून घेतले होते, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. मैदानावर त्या दिवशी साहेबांशिवाय ओळखीचं कोणी नव्हतं. बाई आठवर गेल्या आणि एकदाही खाली पाहिलं नाही. मान वळे, मग गाडी वळे. मी त्यांच्या पायांकडे असा पाहत होतो की पापणी लववली तर काही निसटेल. पाय टेकला नाही. बाहेर आल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, "काय मॅडम, आज?" बाई म्हणाल्या, "आज नाही टेकला." "मग पास," साहेब म्हणाले.

बदलीचा कागद मी स्वतः सचिवांच्या हातून परत घेतला आणि फाडला. सुट्टीनंतर बाई पहिल्या दिवशी साडेदहाला, घंटेच्या आत, एकट्या गाडीवर आल्या. दहावीचा वर्ग खिडक्यांना लटकलेला. बाई वर्गात गेल्या, म्हणाल्या, "मी पास झाले. सराव संच तीन काढा." टाळ्या वाजवायला पोरांना सवडच मिळाली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या रोज त्या गाडीवर आल्या, त्यांचा एकही तास चुकला नाही. आता अमरावतीला मुलीकडे असतात. निरोप समारंभात मी चार ओळींचं भाषण लिहिलं होतं, ते मला वाचता आलं नाही. बाईंनी कागद मागून घेतला, वाचला, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. मार्क दिले नाहीत.

पण बाई म्हटलं की मला आठवते ती त्या दिवाळीनंतरच्या जूनमधली सकाळ. दहावीचा निकाल लागला होता. वर्ग चांगला निघाला, तरी दोघं गणितात गेले. पुरवणी परीक्षेचे फॉर्म माझ्या खिडकीत मिळतात. चौदा वर्षं मी ती खिडकी सांभाळतो, आणि नापास झालेलं पोरगं तिथं कधी स्वतः येत नाही. बाप येतो, नाही तर मामा येतो, इकडेतिकडे बघत हळूच विचारतो. मुलगी असेल तर बहुतेक वेळा कोणीच येत नाही, पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका येते.

त्या सकाळी खिडकीशी रांग होती, दाखले न्यायला आलेल्या पास झालेल्यांची. दहावीतली शीतल रांगेत उभी राहून पुढे आली. एकटीच. मान वर, आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. "सर, मी गणितात नापास झाली. पुन्हा बसून राह्यली. फॉर्म द्या."

 माझ्या हाताला फॉर्मचा गठ्ठा सापडेना. बाई हेल्मेट घेऊन मागून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"कितीनं गेलीस?"

"अकरा मार्कानं, बाई."

"कुठं चुकलं, माहीत आहे?"

"हाव. भूमितीत."

"बरं. उद्यापासून नऊला ये," बाई म्हणाल्या आणि वर्गाकडे निघून गेल्या. शीतलनं माझ्या टेबलावरचा पेन उचलला आणि तिथंच, सगळ्यांच्या समोर, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून फॉर्म भरायला लागली.