दुहेरी पुरवठ्याचं पान

दुग्गप्पागौडांबद्दल मी लिहायला बसावं, याइतका निर्लज्जपणा दुसरा नाही. पण मग लिहिणार कोण? आमच्या ग्रामीण वीज सहकारी संघाच्या दप्तरात त्यांच्या दोनच नोंदी आहेत: एक कामावर रुजू झाल्याची आणि दुसरी शिक्षेची. मधल्या छत्तीस वर्षांचा कुठे उल्लेख नाही. आणि ती दुसरी नोंद माझ्यामुळे झाली.

एकोणिसाव्या वर्षी हा माणूस खांद्यावरून विजेचे खांब वाहायला आमच्याकडे मजूर म्हणून लागला. कर्नाटकातल्या मलनाडातले उतार, सुपारीच्या बागा, पावसात निसरड्या झालेल्या पायवाटा, सगळीकडे खांब माणसांनीच न्यायचे. तिथून लाइनमन, मग लाइनमेस्त्री. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला फोन लागायच्या आधी हाक ऐकू जायची. डीपींना, म्हणजे खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरना, त्यांनी नावं ठेवली होती. सारखी गुणगुणणारी ती म्हातारी, आणि सणावारी हमखास रुसणारा तो जावईबापू. "जावईबापूंची मर्जी गेलीय, चला मनवायला," म्हणत टोळी निघायची. टोळीतला रत्नाकर त्यांचा लाडका. शेजारच्या आळीतला पोरगा, यांनीच कामाला लावलेला, यांनीच लग्न जमवलेला. तो त्यांना 'मावा' म्हणायचा, म्हणजे मामा. रक्ताचं नातं काही नव्हतं.

थट्टा कितीही चालो, माणूस खांबावर चढवण्याआधी दुग्गप्पा ऑफिसात जाऊन भिंतीवरचा कागद बघायचे. प्रत्येक शाखेत खिळ्याला लटकवलेला तो दुहेरी पुरवठ्याचा कागद असायचा. कुठल्या खांबाला दोन बाजूंनी वीज येते, एक बाजू बंद केली तरी दुसरीकडून कशी येऊ शकते, आधी कुठला स्विच उघडायचा, हे सगळं त्यात असायचं. "तोंडपाठ आहे की तुम्हाला," पोरं म्हणायची. "पाठ असलेलंच माणूस विसरतो रे," असं म्हणून ते चष्मा लावायचे.

आता माझं सांगते. मी विनुता, संघाच्या संगणक विभागाची प्रमुख. विभागात माणसं तीन, त्यामुळे प्रमुख होणं काही अवघड नव्हतं. आमचं जुनं अंतर्गत पोर्टल म्हणजे उकिरडा. जनरल मॅनेजर हेब्बार साहेब एक दिवस वैतागून म्हणाले, "अगं विनुता, आपल्या माणसाला रजेचा अर्ज सापडत नाही, आणि मागच्या अध्यक्षांच्या नातवाच्या बारशाचे फोटो पहिल्या पानावर! हे सगळं नवं कर. माणसाला हवं ते चुटकीसरशी सापडलं पाहिजे."

मी कामाला लागले. साडेचार हजार पानं होती. एकेक वाचत बसायला कुणाला वेळ होता? मी एक नियम काढला, आणि त्या नियमावर मी किती खूश होते म्हणून सांगू! तीन वर्षांत जे पान कुणी एकदाही उघडलेलं नाही, ते काढून टाकायचं. साहेबांनी मान डोलावली. साडेचार हजारांतून नऊशे पानं उरली. शिल्लक पानं शोधपेटीत एक शब्द टाकला की झटकन समोर यायची.

त्याच महिन्यात दुसरं परिपत्रक निघालं, तेही माझ्याच हातचं. आता सगळं पोर्टलवर आहे, तेव्हा शाखांमधल्या भिंतींवरचे जुने कागद उतरवून मुख्य कार्यालयात पाठवा. पोत्यांनी कागद आले आणि गोदामात गेले.

दुहेरी पुरवठ्याची पानं पोर्टलवर कुणीतरी कधीकाळी चढवून ठेवली होती. ती कुणी उघडत नव्हतं, कारण तोच कागद डोळ्यासमोर खिळ्याला होता. तो कागदही मीच काढला आणि ते पानही मीच काढलं. शाळेतल्या पोराला कळावं असं हे गणित, आणि मला, दोन पदव्या मिरवणारीला, ते सुचलं नाही.

प्रशिक्षणाला दुग्गप्पा पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला. "मेडम, खिळ्यावरचा कागद यात आहे ना?"

"सगळं आहे, गौडरे. खिळ्यापेक्षा लवकर सापडेल," मी म्हणाले. सगळे हसले. तेही हसले. मी बघितलं होतं का? नाही. ठसक्यात ठोकून दिलं.

पुढे तीन महिन्यांनी त्यांची बदली होन्नेगद्दे शाखेत झाली. तिथला जुना लाइनमन, ज्याला तिथली तारन् तार माहीत होती, तो नुकताच निवृत्त झाला होता. दुग्गप्पांनी मागणी करून रत्नाकरला बरोबर नेलं. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी शाळेजवळ तारेवर झाड पडलं. दुग्गप्पांनी सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे तिकडून येणारी मुख्य तार, बंद करवला, चुकून वीज आलीच तर जमिनीत जावी म्हणून त्या बाजूला अर्थिंग लावलं आणि रत्नाकरला वर पाठवलं. शाळेजवळच्या त्या खांबाला पलीकडच्या फीडरचीही जोड होती. त्या बाजूने वीज आली. रत्नाकर वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले ती थेट शोधपेटीची नोंदवही उघडली. कोणी केव्हा काय शोधलं आणि किती पानं मिळाली, हे ती यंत्रणा आपोआप लिहून ठेवते. होन्नेगद्दे शाखा, दुग्गप्पागौडांचं खातं. दहा बेचाळीस, 'दुहेरी पुरवठा होन्नेगद्दे', मिळालेली पानं शून्य. दहा त्रेचाळीस, 'दुहेरी पुरवठा', शून्य. दहा सत्तेचाळीस, 'शाळेजवळचा खांब', शून्य. आणि दहा पन्नासला, एका बोटाने टाइप करणाऱ्या त्या माणसाने शोधपेटीत चक्क लिहिलं होतं, 'खिळ्यावरचा कागद'. शून्य.

आणि मग मी काय केलं? दार लावून घेतलं आणि जुन्या साठ्यातून सगळ्या शाखांची दुहेरी पुरवठ्याची पानं परत पोर्टलवर चढवली. दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण कुणाला न सांगता चढवली, त्यामागे माझीच कातडी होती.

अकरा दिवसांनी चौकशी झाली. दुग्गप्पा उभे होते, दाढी वाढलेली. हेब्बार साहेबांनी विचारलं, "दोन्ही बाजूंना अर्थिंग का नाही केलं?"

"शाखेत संच एकच आहे, सर. दुसरा मागितलाय. आणि दुहेरी पुरवठा आहे हे ठाऊक नव्हतं. मी संगणकावर बघितलं होतं. पान आलं नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "विनुता, त्या दिवशी पोर्टल चालू होतं का?"

"हो सर. व्यवस्थित चालू होतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मी आपणहून काही बोलले नाही. दुग्गप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मेडम म्हणतात तर असेल. मलाच शोधता आलं नसेल, सर." माझी सुटका त्यांनी स्वतःच्या तोंडाने केली, आणि मी गप्प बसून ती घेतली. त्यांची मेस्त्रीकी गेली. तारांच्या कामावरून काढून त्यांना सामानाच्या गोदामात बसवलं, येणारजाणारी तारेची वेटोळी मोजायला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी वार्षिक सभेत उत्तम पोर्टलबद्दल माझा सत्कार झाला. शाल, सुगंधी हार, फळांची करंडी. करंडी घरी नेली आणि एकही फळ घशाखाली उतरेना. आईने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त झालंय." दीड वर्ष मला पित्तच झालं होतं म्हणा.

गोदामावरून जायचा रस्ता मी सोडला. लांबून कॅन्टीनला जायचे.

मग या फेब्रुवारीत संगणकावर सूचना आली. शोधाच्या नोंदी अठरा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात. त्या ऑगस्टच्या नोंदी पुसायला आठ दिवस उरले होते. काही न करणं एवढंच मला करायचं होतं, आणि जगात कुणाला कधीच कळलं नसतं. पहिले दोन दिवस मी मोकळी झाल्यासारखी वावरले, हेही कबूल करते. तिसऱ्या दिवशी मला माझीच शिसारी आली. पान छापलं, पर्समध्ये घातलं आणि रविवारी सकाळच्या बसने त्यांच्या गावी गेले.

अंगणात ते सुपारी सोलत बसले होते. मला बघून लगबगीने उठले. "अरे, मेडम! जया, कॉफी टाक गं, आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मेडम आल्यात." मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. माझा नियम, काढलेलं पान, चार शून्यं, चौकशीतलं माझं उत्तर. त्यांनी चष्मा मागवला. ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे पान नव्हतंच?"

"नव्हतं."

"पण मेडम, ते तर आहे. गोदामात संगणक आहे ना, मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघतो. पहिल्या फटक्यात येतं."

"ते मी नंतर चढवलं. दुसऱ्या दिवशी."

दुग्गप्पा खाली बसले. "दीड वर्ष," ते म्हणाले, "रोज शोधतो, आणि रोज येतं. मी म्हटलं, दुग्गा, पान समोर होतं आणि तुला दिसलं नाही. घाई केलीस. झाडाखाली गाडी अडकली होती, लोक ओरडत होते, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी स्वतःवरच विश्वास ठेवायचा सोडला हो. आता घराची कडी लावली तरी दोनदा उठून बघतो."

मी म्हणाले, "मला शिव्या द्या, गौडरे. मारा हवं तर."

"तुम्हाला मारून मला काय मिळणार?" आवाज चढला नव्हता. "मी रत्नाकरच्या घरी जाऊन आलोय, मेडम. तो हॉस्पिटलातून आल्यावर महिन्याने. त्याच्या पायाशी बसून सांगितलं, पान होतं, मीच बघितलं नाही. त्याची बायको म्हणाली, आमच्या दारात परत येऊ नका. दीड वर्ष झालं. त्यांच्या आळीत मी पाऊल ठेवलेलं नाही."

कॉफीचा पेला घेऊन त्यांच्या पत्नी जयक्का दारात कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांनी पेला तसाच आत नेला.

दुग्गप्पांनी खुंटीवरचा सदरा घातला, चपला पायात सरकवल्या. "चला."

"सोमवारी मी हेब्बार साहेबांना लेखी देणार आहे," मी म्हणाले. "सगळं. सहीनिशी."

"सोमवारचं सोमवारी. आधी तिकडे चला."

खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली. साहेबांना तोंड द्यायची तयारी मी बसमध्ये केली होती. या घरात जायची केली नव्हती. पण ते पुढे निघाले, आणि मी मागून गेले.

रत्नाकर ओट्यावर मुलीला पाढे म्हणायला लावत होता. दुग्गप्पांना बघून तो उठून उभा राहिला. त्याची बायको ललिता आतून आली आणि तिचा चेहरा आवळला गेला. दुग्गप्पा फाटकाच्या आत आले नाहीत. "मी काही बोलायला नाही आलो," ते म्हणाले. "या मेडमचं ऐका तेवढं."

मी पुन्हा सगळं सांगितलं. कागद दिला. रत्नाकरने तो डाव्या हातात धरला, आणि वाचत वाचत तो दहा पन्नासच्या ओळीवर आला. "खिळ्यावरचा कागद," तो मोठ्याने वाचून म्हणाला. "मावा, हे तुम्ही लिहिलंत?"

"दुसरं काय लिहायचं ते सुचेना रे."

ललिता पायऱ्या उतरून गेली. तिने फाटक उघडलं, दुग्गप्पांचा हात धरला आणि त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं. "मावा," ती म्हणाली. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. रत्नाकर त्यांच्या शेजारी बसला, अगदी खांद्याला खांदा लावून. मी अंगणात उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि म्हणू नये हेच बरोबर होतं.

मी म्हणाले, "रत्नाकर, तुमचा हात मी परत आणू शकत नाही. पण—"

"हाताचं सोडा, मेडम," तो म्हणाला. "तुम्ही चौकशीत खरं बोलला असता, तरी हात गेलेलाच होता. पण हा माणूस माझ्याजवळ राहिला असता. मला भात खायला परत शिकायचं होतं, पँटची बटणं लावायची होती, सायकल धरायची होती. ते यांनी शिकवलं असतं. हिच्यापुढे रडायची मला लाज वाटायची, यांच्यापुढे रडलो असतो. ते दीड वर्ष मी एकट्याने काढलंय."

त्याने कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. एका हाताने ती नीट बसेना. दुग्गप्पांनी दुसरं टोक धरलं.