डोकं धरणाऱ्याने बोलायचं

इंटर्नशिपमध्ये बोईसरच्या एका रुग्णालयात, कॅज्युअल्टीत माझी नेमणूक झाली, तेव्हा मला रक्ताची भीती वाटत नव्हती. भीती बोलण्याची होती. पालघरच्या इंग्रजी शाळेपासून मी मान हलवून वेळ मारून नेत आले होते. बाईंनी "समजलं का" विचारलं की मान हलवायची. वर्गात कोणी काही मागितलं की मान हलवायची आणि देऊन टाकायचं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही परीक्षक हात कानाला लावून म्हणायचे, "जरा मोठ्याने." त्यानंतर येत असलेलं उत्तरही जायचं.

कॅज्युअल्टीत सगळेच मोठ्याने बोलत. सिस्टर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सलाइन मागत, वॉर्डचे मामा स्ट्रेचर ढकलताना "बाजू, बाजू" ओरडत. कारखान्यातले कामगार हिंदीत बोलायचे, चिंचणीकडच्या बाया त्यांच्या बोलीत, मनोरकडून आलेली डोंगरातली माणसं आणखी वेगळ्या बोलीत, आणि सगळ्यांचं एकाच वेळी चाले. मला टाके घालायला आवडायचं. मशीनमध्ये बोट कापलेला कामगार समोर बसलेला, मी खाली मान घालून शिवतेय, दोघांनाही बोलायची गरज नाही. पहिले तीन आठवडे मी असे बरेच हात शिवले.

मानेला किंवा पाठीला मार लागलेला पेशंट कुशीवर वळवायचा असेल तर तो ओंडक्यासारखा वळवतात. सगळं अंग एकाच वेळी, मान कुठेही न पिळता. एक जण डोकं धरतो, बाकीचे खांदा, कंबर, पाय धरतात. मोजायचं काम डोकं धरणाऱ्याचं. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर हलायचं. पुस्तकात ही एकच ओळ होती आणि ती मला इंग्रजीत पाठ होती.

चौथ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दाराशी टेम्पो थांबला. ताडी काढणारा एक माणूस ताडावरून पडला होता. चाळिशीचा असेल. त्याच्या भावाने आणि बायकोने घराचं दार बिजागऱ्यांतून काढून त्याला त्यावर निजवलं होतं, कमरेला आणि पायांना लुगड्याने बांधलं होतं, आणि सगळ्या रस्ताभर भाऊ त्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून बसला होता. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या मॅडम, म्हणजे तिथल्या वैद्यकीय अधिकारी, दुसऱ्या खाटेवर दम लागलेल्या एका कामगाराला ऑक्सिजन लावत होत्या. त्यांनी तिथूनच ते दार पाहिलं आणि म्हणाल्या, "शाबास. कोणी बांधलं?" मग माझ्याकडे बघून, "तू डोकं धर."

माणूस शुद्धीवर होता. दोन्ही पाय हलत होते. डाव्या हाताची पकड मात्र ढिली होती आणि मानेच्या मधोमध हात लावू देत नव्हता. खालचं दार काढायचं होतं, पाठ बघायची होती. मामांनी खांदा धरला, सिस्टरनी कंबर, भावाने पाय. तिघेही माझ्याकडे बघू लागले.

मी हळूच म्हणाले, "वन, टू, थ्री."

'थ्री'ला मामांनी वळवलं. सिस्टर अर्ध्या क्षणाने मागे. भाऊ माझ्या तोंडाकडेच बघत राहिला, अजून काहीतरी म्हणेल म्हणून. खांदे वळले, पाय तिथेच. मधला माणूस किंचाळला.

"हातांत करंट गेला! दोनी हातांत!"

"थांबा," मॅडम ओरडल्या. "परत सरळ. हळू."

त्या धावत आल्या. त्यांनी त्याला हात दाबायला लावले, पाय हलवायला लावले. सगळं होतं तसंच होतं. करंट आला तसा गेला होता. माझे हात अजून त्याच्या कानांवरच होते. मला वाटलं, आता त्या मला बाजूला करतील. मनातून तेच हवं होतं.

"तीनला वळवायचं होतं की तीननंतर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही सांगता आलं नसतं.

"मान नको हलवूस."

"मी नाय हलवत, बाय," खालून पेशंट म्हणाला.

मामा फिसकन हसले. मॅडमही हसल्या असत्या, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "डोकं तुझ्या हातात आहे. तू नाही बोललीस तर बोलणार कोण? आधी ठरव, मग मोज. आणि त्या दरवाज्यापर्यंत ऐकू जाऊ दे."

मी म्हणाले, "मी एक, दोन, तीन म्हणेन. मग 'वळवा' म्हणेन. 'वळवा' म्हटल्यावर वळवायचं. त्याच्या आधी कोणी हलायचं नाही."

"वळवा बोलल्यावर," भाऊ म्हणाला.

"हो. वळवा बोलल्यावर."

या वेळी मी मराठीत मोजलं. माझा आवाज फाटका निघाला, पण निघाला. चौघांचे हात एकदम फिरले. मॅडमनी पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवत नेली, मामांनी खालून दार ओढलं, आणि पुन्हा माझ्याच शब्दावर आम्ही त्याला सरळ निजवलं.

त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्स यायला तासभर तरी लागणार होता. मानेला लावायचा पट्टा एकच शिल्लक होता, तोही इतका मोठा की हनुवटीवर चढत होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सलाइनच्या बाटल्या लावून चिकटपट्टी मारली. पण बायको कुठे आहे हे बघायला तो सारखा वळू बघे. मॅडम म्हणाल्या, "तू धरूनच ठेव. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांच्या हातात दिल्याशिवाय सोडायचं नाही." आणि त्या दमेकऱ्याकडे परत गेल्या.

अशा वेळी पेशंटचा चेहरा आपल्या चेहऱ्याखाली, उलटा असतो. कुठे दुसरीकडे बघायची सोय नाही. बाईंनी वर्गात उभं केल्यावर मी खिडकीबाहेर बघायचे. इथे खिडकी नव्हती.

"बायको दिसत नाय," तो म्हणाला.

"पायाशी उभी आहे. मान हलवू नका. काही हवं असेल तर तोंडाने सांगा." आयुष्यभर मान हलवत आलेली मी हे दुसऱ्याला सांगत होते, याची मला मनातल्या मनात लाज वाटली.

मला डोक्याशी उभं राहून त्याचे पाय दिसत नव्हते. म्हणून मी त्याच्या बायकोला सांगितलं की थोड्या थोड्या वेळाने मी विचारीन, तुम्ही बघून सांगायचं. ती ठेंगणी, सडसडीत बाई होती. तिने पदर खोचला आणि पायांच्या बोटांवर नजर लावून उभी राहिली.

"अंगठा हलवा," मी म्हणायचे.

"उजवा हलला," ती सांगायची. "डावा पन हलला. तो आळशी हाय, पयल्यापासून."

"पाय आळशी हाय का मी?" तो खालून.

"तुमी गप पडा. डाक्तरीणबाय, परत इचारा."

मी परत विचारायचे. तो विचारायचा, तुमी कुठल्या, घरी कोण कोण, लगीन झालं का. एरवी अशा प्रश्नांना मी हसून उत्तर टाळते. इथे टाळलं की तो मान वळवायला बघायचा, म्हणून मी सगळं सांगत गेले. पालघरची. आई, बाबा, धाकटी बहीण. लग्न नाही. "तुमच्या भुवया खाली हायत आनि तोंड वर," तो म्हणाला, "काय बोलता ते नीट कळत नाय." मग मी अजून मोठ्याने बोलले.

मध्येच तो गप्प झाला. डोळे मिटले नव्हते, छताकडे होते. मला ते सहन होईना.

"मघाशी तो करंट गेला ना," मी म्हणाले, "ते माझ्यामुळे झालं. मी आधी नीट सांगितलं नव्हतं, कधी वळवायचं ते."

पायाशी त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

"मंग आता नीट धरा," तो म्हणाला.

बस, एवढंच. मी नीट धरलं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा माझे खांदे भरून आले होते. त्याला उचलताना सहा जण लागले, त्यांतले दोघे अनोळखी, एका पेशंटला सोडायला आलेले रिक्षावाले. मी आधी सगळ्यांना सांगितलं, कशावर उचलायचं ते. रिक्षावाल्यांना हिंदीत सांगितलं. मग मोजलं. तेवढा वेळ कॅज्युअल्टी शांत होती, किंवा मला बाकी काही ऐकू आलं नाही. "करंट?" मी विचारलं. "नाय," तो म्हणाला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांनी माझ्या हातांवरून आपले हात सरकवत आत घातले आणि म्हणाले, "धरलं." तेव्हा मी सोडलं.

सोडलं, पण बोटं उघडेनात. वाटीसारखी तशीच राहिली. त्याची बायको गाडीत चढता चढता परत फिरली. तिने माझा एक एक हात आपल्या हातात घेतला, एक एक बोट ओढून सरळ केलं, कडकड वाजलं, आणि गाडीत जाऊन बसली.

दुपारी मी मॅडमना विचारलं, त्याचा हात माझ्यामुळे कायमचा गेला तर? त्या डबा खात होत्या. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पडल्यामुळे गेला की तुझ्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुला हे घेऊनच काम करावं लागेल. जेवलीस का?" त्यांनी अर्धी पोळी माझ्यापुढे केली. मला खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. आणि डोकं माझ्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात दिलं नाही, याबद्दल तर जास्तच. पण सगळ्यात जास्त उपकार त्या माणसाचे. माझं शिकणं त्याच्या मानेवर झालं, आणि हे माहीत असून त्याने मान माझ्या हातात राहू दिली.

दोनेक महिन्यांनी तो आला, चालत. मानेचं ऑपरेशन झालं होतं, गळ्याला कडक पट्टा होता. औषधं घ्यायला आला होता, बरोबर बायको. त्याला झाडावर चढायला कायमची मनाई झाली होती.

"मग आता?"

"झाडावर आता भाऊ चढतो. मी खाली उभा राहून सांगतो, पाय कुठं ठेव ते."

"सांगतो म्हंजी वराडतो," बायको म्हणाली. "आक्ख्या पाड्याला कळतं, पाय कुठं ठेवायचा."

डावा हात? तो म्हणाला, काडी पेटवता येत नाही अजून, बाकी चालतंय. मी माझी दोन बोटं पुढे केली. त्याने दाबली. पकड होती, पण कमी होती.

"अजून जोरात," मी म्हणाले. दाराशी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

त्याने ओठ दाबून पुन्हा जोर लावला. या वेळी दुखलं. "दुखलं," मी म्हणाले, आणि त्याची बायको, जी त्या दिवसापासून इतकं बोलली पण एकदाही हसली नव्हती, ती तोंडावर पदर धरून हसायला लागली.