दारं गोडाऊनमध्ये अडकली

बायको गेली तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न होता. लोक भेटायला यायचे, देवाची मर्जी म्हणायचे, चहा पिऊन जायचे. देवाचं मला काही विचारायचंच नव्हतं. मला तिच्या दारांचं विचारायचं होतं. पण ही दारं कुठली ते आधी सांगायला हवं.

मी खोपटच्या एसटी डेपोत पार्सलचा हमाल. शिक्षण चौथी, तीही ढकललेली. गाठोडी, करंड्या, पेट्या यायच्या, त्या गोडाऊनमध्ये गावागावाप्रमाणे लावायच्या आणि गाडी लागली की टपावर चढवायच्या. जुन्नरची करंडी भिवंडीला गेली की शिव्या मला. राहायला माजिवड्याला, चाळीत. मुलगी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट.

बायकोला साखर निघाली. गोळ्या चालू होत्या तरी उतरेना. डॉक्टर म्हणाले, महिनाभर रोज चाला, नाही उतरली तर सुई. रोजची, घरच्या घरी. बायकोचं तोंड उतरलं. चपलेने विंचू मारणारी बाई ती, पण लहानपणी देवी टोचणारा माणूस गावात आला की भाताच्या कणगीत लपून बसायची.

घरी आल्या आल्या तिने मुलीला धरलं.

"रक्तात एवढी साखर आहे ना? मग अंगाला का लागत नाही? मी दमते कशाने?"

"आई, साखर पेशीत शिरायला दार लागतं. पेशीच्या भिंतीत."

"मग माझ्या पेशींना दारं नाहीत?"

"आहेत गं. आतच बनतात, प्रोटीनची असतात. पण बनतात एकीकडे आणि बसवायची असतात दुसरीकडे. पेशीच्या आत खोल्या असतात. एकीत माल तयार होतो, दुसरीत तो निवडला जातो, मग बारक्या पिशव्यांत भरून ज्याच्या त्याच्या जागी रवाना. ही साखरेची दारं पिशव्यांत भरून आतच ठेवलेली असतात. इन्सुलिनची हाक आली की पिशव्या भिंतीकडे जातात, भिंतीत मिसळतात आणि दार भिंतीला लागतं, चौकटीत बसवावं तसं."

"निवडतो कोण?" मी विचारलं. हा माझ्या धंद्याचा प्रश्न होता. "चिठ्ठी वाचणारा कोणी असेल ना?"

"कोणी नाही, बाबा. मालाच्या अंगावरच खूण असते. ती जिथे जुळते तिथे तो जातो."

मला काही पटेना. आमच्याकडे चिठ्ठी असून करंड्या चुकायच्या.

"आणि चुकला तर?"

"चुकतो कधी कधी. त्याचेही आजार असतात."

बायकोला खुणांशी देणंघेणं नव्हतं. "माझी दारं कुठे अडकली ते सांग आधी."

"गोडाऊनमध्ये. हाक नीट पोचतच नाही त्यांच्यापर्यंत. पण तू चाललीस की पायाचे स्नायू हाकेची वाट बघत नाहीत. पिशव्या तशाच निघतात."

"मग एकदा लागली की लागली?"

"नाही. स्वस्थ बसलीस की परत आत ओढली जातात."

"म्हणजे रोज."

"रोज."

"बरं आहे मेलं," ती म्हणाली. "रोज दारं लावा, रोज काढा."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी माझा डबा घेऊन माजिवड्याहून खोपटला यायला लागली. महिन्याने तपासलं तर साखर जिथल्या तिथे. डॉक्टर सुईवर आले. तिने हात जोडून आणखी एक महिना मागून घेतला. बाहेर पडल्यावर मी तिच्यावर खेकसलो, "चालतेस की कुठे गप्पा झोडत बसतेस?"

"मी चालतच नाही. तुमची माणसं चालू देतात का?"

तेव्हा कळलं. भिवंडीहून येणारे सगळे कंडक्टर मला ओळखायचे. पार्सलवाल्याची बायको उन्हात डबा घेऊन पायी जाताना दिसली की घंटी. गाडी उभी. "वहिनी, चढा." ती नको म्हणाली तर एक जण म्हणाला, "आमच्या गाडीला वास येतो का?" जाताना तेच. आमच्या डेपोची रीतच तशी. आपल्या माणसाच्या घरचं कोणी रस्त्यात दिसलं आणि गाडी पुढे काढली, तर त्या कंडक्टरला कँटीनमध्ये कोणी चहा विचारायचं नाही.

मी म्हटलं, "सांगून टाकतो सगळ्यांना, तुला साखर आहे."

"नको. मग बिचारी म्हणतील. मी बघते काय ते."

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली तर ही खालूनच म्हणाली, "मी गाडीत बसले की माझी दारं गोडाऊनमध्ये अडकतात. चालले की भिंतीला लागतात. जा तू."

तो कंडक्टर डेपोत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना रे? वहिनी दारांचं काहीतरी बोलत होत्या."

"ठीक आहे. दारं अडकलीत," मी म्हटलं.

त्याने ते कँटीनभर केलं. मग गाड्या थांबायच्या बंद झाल्या. नुसत्या हळू व्हायच्या आणि दरवाजातून हाक यायची, "वहिनी, लागली का दारं?"

"एक लागलं. तू आधी तुझं पोट बघ."

साखर उतरली. सुई टळली ती बरीच वर्षं टळली. मी रिटायर झालो, डबा सुटला, तिचं चालणं सुटलं नाही. पुढे सुई आलीच. ती मला बाहेर पाठवायची आणि स्वतःच्या हाताने टोचून घ्यायची.

गेली ती मात्र सुईने नाही, साखरेनेही नाही. सकाळी चालून आली, पायरीवर बसली, एक चप्पल काढली. दुसरी मी काढली.

मुलगी आता डोंबिवलीला असते. परवा आलेली तेव्हा मी विचारून टाकलं.

"तुझी आई नुकतीच चालून आलेली. म्हणजे दारं लागलेली होती. त्यांचं काय झालं? लगेच आत गेली?"

ती हसली नाही. भाजी निवडत होती, हात थांबला.

"लगेच नाही, बाबा. पेशींना लगेच कळत नाही. आतलं काम थोडा वेळ चालू असतं. निघालेल्या पिशव्या जात असतील."

"थोडा म्हणजे किती?"

"माहीत नाही. बघून सांगते."

अजून सांगितलेलं नाही. मी विसरलेलो नाही.