निपाणी ते महादेवपुरा, एका बिनप्लास्टरच्या भिंतीसाठी

बंगळूरला लोक बागा बघायला जातात, राजवाडा बघायला जातात, बरेचसे नोकरीला जातात. मी एक भिंत बघायला गेलो. ज्यांना हसायचंय त्यांनी इथंच हसून घ्यावं, पुढं बराच रस्ता आहे.

भिंत अनघाची. म्हणजे घर दुसऱ्याचं, पण भिंत तिची. अनघा आमच्याच निपाणीची, आर्किटेक्ट झाली आणि आता बंगळूरच्या एका लहानशा ऑफिसात काम करते. महादेवपुऱ्यातल्या एका घराच्या दिवाणखान्यात तिनं उघड्या काँक्रीटची भिंत नकाशात काढली होती. प्लास्टर नाही, रंग नाही, सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे जसे उमटतील तसे ठेवायचे. तिची स्वतःची अशी ही पहिलीच. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, "भिंत उभी राहू दे, मग सांगते." तेव्हापासून त्या भिंतीची वाट तिच्या मालकानं पाहिली नसेल इतकी मी पाहिली. मग एके दिवशी मेसेज आला, शनिवारी सेंटरिंग खोलतोय. ये असं त्यात नव्हतं. येऊ नकोस असंही नव्हतं. मी तिकीट काढलं.

माझी ओळख एवढीच की मी सिव्हिल इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. नापास होऊन नाही, भांडून. जिथं काँक्रीटचे ठोकळे न फोडताच जर्नलमध्ये ते किती ताकदीला फुटले ते उतरवायला सांगतात, तिथं मला शिकायचं नव्हतं. आता बाबांच्या धंद्यात आहे. आम्ही सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्यानं देतो. मी बॅग भरताना बाबा म्हणाले, "कॉलेजच्या चार भिंतीत तुला बसवलं नाही, आणि आता एक भिंत बघायला एवढ्या लांब निघालास." मी चप्पल घातली आणि निघालो.

जाणाऱ्यांसाठी: निपाणीत हायवेलाच संध्याकाळी कोल्हापूरकडून येणाऱ्या स्लीपर गाड्या मिळतात. शनिवार-रविवारला भाडं सरळ वाढवतात, म्हणून आधी बुक करा आणि खालचा बर्थ घ्या, वरच्यावर माणूस पोत्यासारखा हलतो. तुमकूर रोडला लागलात की शहर सुरू होतं ते संपतच नाही. पीण्या औद्योगिक क्षेत्राजवळ गाडी निम्मी रिकामी होते. तिथं एका शेडबाहेर नव्याकोऱ्या सेंटरिंग प्लेटांची थप्पी उन्हात चमकत होती. आमच्या गोदामातल्या प्लेटा वाकलेल्या, तेलकट, सिमेंट चिकटलेल्या. मी मान वळवून वळवून ती थप्पी बघत राहिलो. राजाजीनगरला जायचं असेल तर नवरंगला उतरा.

राजाजीनगरात माझी आत्या राहते. तिचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली की आता तिच्या मराठीत कन्नड आहे की कन्नडमध्ये मराठी, हे तिलाही सांगता येत नाही. दारातच म्हणाली, "सरी, स्वल्प बस. तिंडी खाऊन जा, भिंत कुठं पळत नाही." सरी म्हणजे बरं, स्वल्प म्हणजे जरा, तिंडी म्हणजे नाश्ता, आणि आत्याची तिंडी म्हणजे जेवणच. इडलीची तिसरी खेप वाढताना शेजारची अक्का डोकावली. आत्यानं माझी ओळख करून दिली की भाचा इंजिनिअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. मी म्हणालो, "सोडलं." आत्यानं चटणी वाढता वाढता माझ्या पायावर पाय दिला. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पेपरमागून हसले. ते पीण्यात त्याच सेंटरिंग प्लेटांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मागे दोनदा म्हणाले होते, माणूस हवाय, ये. तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

राजाजीनगरहून महादेवपुऱ्याकडे जायला रिक्षा, कॅब, कुणी मित्र सोडतो म्हणाला तरी नाही म्हणा. मेट्रो पकडा. हिरव्या लाईननं मॅजेस्टिक, तिथून जांभळी. खाली गाड्या चिकटून उभ्या असतात आणि तुम्ही त्यांच्या टपांवरून जाता. मी मात्र खांब बघत होतो. अख्खं शहर त्या राखाडी खांबांवर तोलून धरलेलं, आणि एकालाही प्लास्टर नाही. कुणी तक्रार करत नाही. घरात तेच काँक्रीट उघडं ठेवलं की लोकांना वाटतं काम अर्धवट राहिलं. हे मी अनघाला सांगायचं ठरवलं. वाटेत पाठही केलं.

साइट एका आयटी पार्कमागच्या गल्लीत. अनघा हेल्मेट घालून उभी होती. मला बघून म्हणाली, "आलास? बाजूला उभा राहा." यापेक्षा गोड स्वागत मी घेतलं असतं, पण तिचा आवाज कापत होता, म्हणून गुमान बाजूला झालो. मेस्त्रीच्या माणसांनी पाचरी ठोकून काढल्या, फळ्या एकेक सुटल्या. आणि भिंत बाहेर आली.

काय सांगू. लाकडाची प्रत्येक रेष, प्रत्येक गाठ काँक्रीटमध्ये उतरली होती. हात लावला तर थंड आणि किंचित ओली. आणि छातीच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काळसर नागमोडी रेघ.

ती काय आहे हे तिथं सगळ्यांना कळलं. भिंत ओतली त्या दिवशी काँक्रीटची पहिली गाडी वेळेवर आली होती. दुसरी टिन फॅक्टरी नावाच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली. ती पोचेपर्यंत खालचा थर घट्ट धरू लागला होता, वरचा त्याच्यात पूर्ण मिसळला नाही. सांधा राहिला. बंगळूरचा ट्रॅफिक भिंतीत कायमचा येऊन बसला. अनघानं एक फोटो काढला आणि ऑफिसला फोन लावत बाहेर गेली.

आता मी काय केलं ते लिहितो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्लेटा काढल्या की घरमालक यायच्या आत पोत्याचा तुकडा सिमेंटच्या पाण्यात बुडवायचा आणि जिथं भोकं, फुगे, रेघा असतील तिथं घासून टाकायचा. नाहीतर नाव प्लेटवाल्याचं खराब होतं. शाळेत असल्यापासून बाबांबरोबर मी हेच केलंय. वरून प्लास्टर येणार असतं, कुणाला कळत नाही. अनघाचा उतरलेला चेहरा बघितला आणि माझे हात आपोआप चालू झाले. पोतं सापडलं, सिमेंट होतंच. ती परत आली तेव्हा रेघेचा हातभर भाग मी गायब केला होता आणि खरं सांगतो, मला शाबासकीची अपेक्षा होती.

"काय केलंस?"

मी म्हणालो, "झाकलं. आणखी थोडा वेळ दे, सगळी घालवतो."

तिनं माझ्या हातातलं पोतं काढून घेतलं. तोवर मी घासलेलं सिमेंट कडेनं वाळून पांढरं पडायला लागलं होतं. राखाडी भिंतीवर पांढरा, पसरट, पंजासारखा डाग. रेघेपेक्षा लांबून दिसणारा. या भिंतीवर प्लास्टर येणारच नव्हतं, हे मला माहीत असूनही माझ्या हातांना माहीत नव्हतं. मेस्त्री कन्नडमध्ये म्हणाला की नवरा आहे का हा तुमचा. अनघा म्हणाली, "नाही." जरा जास्तच पटकन.

दुपारनंतर स्ट्रक्चरचे इंजिनिअर येणार होते, अनघानं मेस्त्रीकरवी मला जायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं इडली-वडा खाल्ला, त्यावर कॉफी. अशा ठिकाणी स्वस्तात पोट भरतं आणि कॉफी फक्कड असते, रागात असलात तरी. मी खूप रागात होतो. तिच्यावर, ट्रॅफिकवर, पोत्यावर. पाठ केलेलं खांबांचं भाषण तसंच राहिलं.

रविवारी घरमालक येणार होते. अनघानं बोलावलं नव्हतं तरी मी गेलो. पळून गेला असं तिला वाटायला नको होतं.

मालक नागपूरचे, आयटीतले, निनाद नाव. आले ते आईला व्हिडिओ कॉलवर घेऊनच. आईंनी मोबाईलमधून भिंत बघितली आणि विचारलं, "काऊन रे, पैसे संपले का?" निनाद म्हणाले, "आई, धिस इज द डिझाइन." पण त्यांचं लक्ष रेघेवर होतं, मग डागावर. म्हणाले की त्यांना ही भिंत वीक वाटून राहिली, सोमवारी प्लास्टर मारून टेक्स्चर पेंट करून टाकू. अनघा पांढरी पडली. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही इंजिनिअर आहात नं? तुम्ही सांगा, सेफ आहे का?"

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर भिंत तिथंच वाचली असती, आणि भिंत वाचली तर माझंही काही वाचलं असतं. अनघा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही. तिसऱ्या वर्षाला सोडलं."

"मग तुम्ही कोण?"

"तो पांढरा डाग मी केलाय. तो मी."

फोनमध्ये आई हसल्या. आणि अनघानं एकदम सूत्रं हातात घेतली. म्हणाली की रेघ आहे आणि ती का आहे. इंजिनिअरनी काल ठोकून, तपासून बघितलंय, भिंत पक्की आहे, ते तसं लिहून देतील. दिसायला नको असेल तर प्लास्टर करू, घर तुमचं आहे. पण मग ही भिंत अनघानं केली असं कुणाला सांगू नका. ती गाडी कोणत्या दिवशी, कुठं अडकली होती तेही तिनं सांगितलं. निनाद मग म्हणाले, "बाप्पा. त्या दिवशी मीही तिथंच अडकलो होतो. अप्रेझलचा कॉल कारमधून केला." आणि रेघेवरून बोट फिरवून पाहिलं.

निकाल नागपूरहून लागला. "रेघ राहू दे," आई म्हणाल्या, "पण तो डाग पुसा. घरात लेकरू आहे असं वाटते."

पुसायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. पॉलिशचा दगड घेऊन दुपारभर घासलं. नाकात सिमेंट, खांदे उतरले. बराच गेला, पण तिरप्या उजेडात सावली दिसतेच. अनघा विटांच्या ढिगावर चहा घेऊन बसली होती. मी दगड खाली ठेवला आणि म्हणालो, भिंत उभी राहिली, आता सांग.

तिनं ग्लास फिरवत सांगितलं. "मी निपाणीला परत येणार नाही. आणि तू माझ्यासाठी सगळं सोडून इकडं येऊ नकोस. तू कॉलेज सोडलंस, तो तुझा सांधा आहे, दिसू दे की. पण त्याच्यावर मला लिंपू नकोस."

"म्हणजे नाही?"

"नाही म्हटलं असतं तर चहा दिला नसता. स्वतःच्या कामासाठी कधी इकडं आलास तर कळव."

परतीची गाडीही नवरंगलाच मिळते, संध्याकाळी तासभर आधी पोचा. मी तुमकूरपर्यंत तिच्यावर चिडलेलो होतो. त्यानंतर झोप लागली.

आता घरी आहे. काल गोदामात एक गिऱ्हाईक आलं. बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या..." मी प्लेट उचलता उचलता मोठ्यानं म्हणालो, सोडलं. गिऱ्हाईकानं मान हलवली आणि टेकूंचा भाव विचारला. आभाळ कोसळलं नाही. बाबा रात्री जेवताना म्हणाले की वांगी तिखट झालीत.

निनादच्या घरात रंगाचं काम चालू आहे, त्या एका भिंतीला सोडून. अनघानं फोटो पाठवला. रेघ आहे. नीट बघितलं तर माझा पंजाही आहे.

आणि मी मामांना फोन केला. पुढच्या महिन्यापासून पीण्यात, प्लेटांच्या कारखान्यात, रोजचं काम. माझ्या हातांना प्लेटा कळतात, त्या चांगल्या कशा बनवायच्या हे मला शिकायचंय, आणि तिथं ठोकळे न फोडता आकडे लिहायला कुणी सांगणार नाही. ती म्हणाली होती माझ्यासाठी येऊ नकोस. नाहीच जात तिच्यासाठी. पीण्याहून मेट्रो मॅजेस्टिकला जाते आणि मॅजेस्टिकहून थेट महादेवपुऱ्याकडे, हा काही माझा दोष नाही.