बंद इंजिनाचा उतार

आमच्या घरासमोर घाटाचा शेवटचा उतार येऊन संपतो. काल सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना सहज मान वर केली, तर माणसांनी भरलेली शंकरची जीप अगदी दारापुढे येऊन पोचली होती. इंजिनाचा आवाज नव्हता. टायरखाली खडी चुरचुरली, तेवढीच.

शंकर वर खिंडीतच इंजिन बंद करतो आणि जीप इथपर्यंत नुसती सोडून देतो. डिझेल महागल्यापासून सगळेच तसं करतात. पंप तालुक्याला, आणि तिथंही कधी डिझेल असतं, कधी ‘शिल्लक नाही’ची पाटी.

"अरे, ब्रेक लागला नाही तर?" मी विचारलं.

"लागतो की, काकू. इंजिन चालू ठेवून उतरलो तर दोन दिवसांत डिझेल संपून गाडी दारात उभी राहील. मग रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर कशातून नेऊ?"

जीपमधली माणसं समोरच्या दांड्या धरून बसली होती. एका भीतीपासून वाचायला माणूस दुसरी किती मुकाट्यानं पत्करतो, आणि पुढे तिची सवयही होते. मला अजून झालेली नाही.

जन्मभर मी कानांच्या भरवशावर हा रस्ता ओलांडला. आवाज आला की थांबायचं. नातीलाही तेच शिकवलं.

आज शाळेला निघताना ती रस्त्याच्या कडेला थांबली, नीट कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आजी, काहीच आवाज नाही. जाऊ?"

मी तिचा हात घट्ट धरला.