चोरायचा डबा

शाळा सुटायची वेळ झाली की सुंदरामावशी स्वतःच्या घरी चोरी होण्याची चोख व्यवस्था करीत. दार सताड उघडे, स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी डबा, फळीखाली भक्कम स्टूल आणि बाहेरच्या खोलीत डोळे मिटून घोरणाऱ्या मावशी. हे घोरणे अभिनय म्हणून सुमार दर्जाचे होते. पोरे आत शिरत, डबा उघडत, मुठी भरत. ती उंबरठा ओलांडत असतानाच मावशी जाग्या होत आणि सबंध इमारतीला ऐकू जाईल असा आक्रोश करीत, "मेल्यांनो! चोट्ट्यांनो! पावन्यांसाठी ठेवलेले लाडू माझे! हात झडतील रं तुमचे!" पोरे पसार झाली की त्या उठून डब्यात डोकावत. तो रिकामा दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर पसरणारे समाधान मी पुढे फक्त शोधनिबंध स्वीकारला गेलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिले.

वसईजवळच्या नायगावातली आमची इमारत मावशींच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावर घर मिळाले. उरलेल्या मजल्यांवरचा हक्क त्यांनी मनातून कधीच सोडला नाही. मी, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी सई असे आम्ही येथे राहायला आलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कंच्या माल्यावर?"

"सातव्या."

"म्हंजे हवेत. ती हवा पन आमचीच हाय, बाय. पन राहा."

मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली. मुलांसाठी साखरेविना खाऊ बनवणारा स्वतःचा उद्योग उभारायचा, ही माझी महत्त्वाकांक्षा आणि फाटकाबाहेरच्या दुकानात लटकणाऱ्या रंगीबेरंगी पुड्या हा माझा शत्रू. त्या पुड्यांवरच जगणारी सई माझ्या घरात असल्याने शत्रू आतपर्यंत पोहोचलेला होता. म्हणून मी सोसायटीच्या सभागृहात नाचणी आणि खजुराच्या वड्या मांडल्या. प्रत्येक ताटलीपुढे लोह, कॅल्शियम, तंतुमय पदार्थ यांची माहिती सुवाच्य अक्षरांत लिहिली. एका मुलाने ती वाचून विचारले, "हे औषध आहे का?" आणि पाच मिनिटांत सभागृह रिकामे झाले. उरल्या त्या मावशी. त्यांनी चार वड्या खाल्ल्या आणि निकाल दिला.

"चांगल्या झाल्यात. पन तू त्यांना आदी मारलंस, मंग वाढलंस."

"म्हणजे काय, मावशी?"

"अंगाला लागंल म्हनून सांगितलंस ना? अंगाला लागनारी वस्तू पोर कशाला खाईल? पोर खातं ते खाऊ नको म्हटलेलं. ये उद्या माझ्याकडे, वड्यांची डॉक्टरीन!"

मी गेले, चोरी पाहिली, थक्क झाले. मात्र मावशींचे लाडू आरोग्यदायी होते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. त्यांत नाचणी नावापुरती. बाकी सगळा गूळ. मी तसे म्हटले तर त्या उसळल्या, "गूल म्हंजे ऊस. ऊस म्हंजे गवत. गाय गवत खाते, तिचं काय वाईट झालं?" या युक्तिवादात निष्कर्ष सोडला तर दोष काढायला जागा नव्हती. अखेर आमचा करार झाला. "तू भर," त्या म्हणाल्या, "मी चोरवते."

गूळ काढायचा तर गोडवा आणायचा कुठून? तो मावशींच्याच फडताळात निघाला: सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, की ती मधाच्या रंगाची आणि चिवट गोड होतात. वसईची ही जुनी मिठाई. ती वाटून मी भाजलेल्या नाचणीच्या पिठात आणि शेंगदाण्याच्या कुटात मळली. मावशींनी लाडू तोंडात टाकला.

"गूल किती घातलास?"

"अजिबात नाही."

"सईची शपथ घे."

घेतली. दुसरा लाडू खाऊन त्या कडवटपणे म्हणाल्या, "माझ्याच केल्यांनी माझा गूल काढला!"

पुढे दोन वर्षे चोऱ्या सुरळीत चालल्या. दुकानातल्या पुड्या संपल्या नाहीत, पण सई पोट भरून घरी येऊ लागली. एखादा लाडू उरला तर मावशी मला जाब विचारत, "काय गं, आज काय चुकलीस?" एकदा मात्र गंभीर होऊन म्हणाल्या, "डबा भरलेला राह्यला ना, त्या दिवशी समज, मी गेले."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्या इस्पितळातून परतल्या तेव्हा अर्धा चेहरा उतरलेला आणि वाचा गेलेली. इमारतीतल्या आयांनी मुलांना बजावले, आजी आजारी आहेत, तिकडे फिरकायचे नाही. मुले एकाएकी सज्जन झाली. मी रोज डबा भरत होते. संध्याकाळी तो तसाच भरलेला असे. मावशी त्याकडे पाहत आणि तोंड भिंतीकडे फिरवत. बोलण्याचे व्यायाम त्यांनी सोडून दिले. झटक्यातून वाचलेल्या बाईला आम्ही सुसंस्काराने मारायला घेतले होते.

मी सईला म्हणाले, "उद्या जा आणि चोर."

"आत्या, आजी ओरडणार नाहीत. मग जायचं कशाला?"

"लाडवांसाठी!"

"लाडू तर तू घरी पण देतेस. आम्ही ओरडा खायला जायचो." तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "त्या झोपलेल्या नसायच्या, हे नर्सरीतल्या पोरांना पण माहितीये. एवढं तालात कोण घोरतं?"

दुसऱ्या दिवशी पूर्ण टोळी आली. इतकी गोंगाटी चोरी जगात झाली नसेल. सईने डब्याचे झाकण हातातून सोडले. ते घरभर घरंगळत मावशींच्या खाटेला जाऊन आपटले. पोरे मुठी भरून उंबरठ्यावर गेली आणि कोणताही चोर थांबत नाही तशी थांबली. मावशींचे ओठ थरथरले. "च... च्चो..." पोरांनी श्वास रोखला. "चोट्टे!"

जिना टाळ्यांनी दणाणला. मावशींच्या अर्ध्या चेहऱ्यावर ते जुने समाधान पसरले. उरलेल्या अर्ध्याची उणीव भासली नाही.

त्यानंतर त्या वर्षभर जगल्या. तो एक शब्द त्यांना सर्व प्रसंगी पुरला. डॉक्टर, स्वतःचा मुलगा, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे चोट्टेच. त्या गेल्या त्या संध्याकाळी मी डब्यात मुद्दाम डोकावले. तो रिकामा होता.

आता डबा आमच्या फळीवर असतो. मी दार उघडे ठेवते, घोरते, ओरडते. "आत्या, तू ओरडलीस की भाषण वाटतं," सई म्हणते. मुले बहुधा दयेपोटी येतात. काल मात्र झाकण पडले आणि कसलीही तयारी नसताना माझ्या तोंडून "मेल्यांनो!" निघाले, असे, की मीच दचकले. पोरे खिदळत खाली पळाली आणि तो शब्द सातव्या मजल्यावरच्या हवेत बराच वेळ घुमत राहिला. ती हवा कोणाची, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते.